सहज कीं उथळ?

समजा, एका हुशार विद्यार्थ्यानें परदेशांतील विद्यापीठाकडे अर्ज केला आहे आणि त्याच्या गुरुजींनीं मोठ्या ममतेनें त्याला इंग्रजींत शिफारसपत्र लिहून दिलें आहे. मुलाचें लेखन ओघवतें, कोठेंहि न अडखळणारें. म्हणून गुरुजींनीं कोश उघडून एक भारदस्त विशेषण निवडलें आणि लिहिलें कीं, याची शैली 'फॅसाइल' आहे. कोशांत त्या शब्दापुढें 'सोपा, सहज' हा अर्थ छापलेला होता. त्यांची चूक म्हणावी तर तीहि नाहीं. पण पत्र वाचणाऱ्या प्राध्यापकाला त्यांतून बोध होईल तो असा कीं, हा मुलगा भराभर लिहितो, विचार मात्र करीत नाहीं. दिलेला आशीर्वाद शाप होऊन पोंचेल, आणि त्याचा सुगावा ना गुरूला लागेल, ना शिष्याला.

हा शब्द मूळचा लॅटिन. त्या भाषेंत 'फाकेरे' म्हणजे करणें. त्यावरून 'फाकिलिस' म्हणजे करतां येण्याजोगें, अर्थात् सोपें. शाळेंतल्या लहान मुलालाहि ठाऊक असलेला 'डिफिकल्ट' हा शब्द याच घराण्यांतला. फक्त त्याच्या मागें नकार जोडलेला आहे. फ्रेंच लोक आजहि सोप्या धड्याला, सोप्या वाटेला हेंच विशेषण लावतात, आणि त्यांत निंदेचा लेशहि नसतो. इंग्रजींत मात्र तो फ्रेंचमधून आला तेव्हां 'ईझी' हा दुसरा शब्द रोजच्या व्यवहारांत रुळलेला होता. एका कामावर दोन गडी झाले म्हणजे एकाला निराळें काम शोधावें लागतें. तसेंच या शब्दाचें झालें.

आरंभीं तो माणसांनाहि लावीत. सौम्य, मनमिळाऊ, चटकन वळणारा असा त्याचा भाव असे. पण चटकन वळणारा मनुष्य चटकन फसतोहि. मिल्टननें १६६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'पॅरॅडाइझ लॉस्ट' या महाकाव्यांत एका ठिकाणीं नरकाच्या दारांना हें विशेषण दिलें आहे, आणि दुसऱ्या ठिकाणीं तें ईव्हच्या तोंडीं घातलें आहे: आपल्याला न अडवतां अ‍ॅडम फारच लवकर वळला, ही तिची तक्रार. पुढें १७५५ सालीं डॉक्टर जॉन्सनचा कोश निघाला. त्यांत सोपें, सुलभ, मनमिळाऊ, लवचीक या छटा आहेत. 'उथळ' हा अर्थ नाहीं. तो मागाहून चिकटला, आणि असा चिकटला कीं मूळ अर्थाला आतां पाय ठेवायला जागा थोडीच उरली आहे.

मराठीला हा प्रकार नवा नाहीं. 'सवंग' म्हणजे एके काळीं केवळ स्वस्त. धान्य सवंग झालें तर लोक देवाचे आभार मानीत. आज सवंग लोकप्रियता म्हटलें कीं नाक मुरडलें जातें. 'सराईत' म्हणजे सरावानें तयार झालेला. पण त्याच्या पुढें आतां बहुधा 'चोर' किंवा 'गुन्हेगार' येऊन बसतो.

मग 'फॅसाइल' शब्दाचा अर्थ ओळखावा कशावरून? त्याच्या पुढें येणाऱ्या नामावरून. वादकाचीं बोटें फॅसाइल असलीं तर ती स्तुति आहे, कारण बोटांच्या कामांत सहजता हीच सिद्धि होय. स्पष्टीकरण, तुलना, आशावाद यांपुढें तोच शब्द आला कीं निंदा झाली, कारण तेथें जें कष्टानें मिळवावयाचें तें न मिळवतांच पदरांत पडल्याचा आव असतो. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळाचें उदाहरण घ्यावें. धान्य कमी पिकलें, म्हणून माणसें मेलीं, हें उत्तर पटकन सुचतें आणि पटकन पटतें. परंतु अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत आकडे मांडून दाखविलें कीं, त्या वर्षीं उपलब्ध धान्य १९४१ सालापेक्षां कमी नव्हतें. युद्धकाळांत भाव भडकले आणि मजूर, कोळी यांसारख्या लोकांच्या मिळकतींत तें विकत घेण्याचें सामर्थ्य उरलें नाहीं. पहिल्या उत्तराला 'फॅसाइल' म्हणावें, तें याचसाठीं. तें ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्नच मारून टाकतें.

कधीं कधीं एकाच लेखणीवर दोन्ही अर्थांचें भांडण होतें. अँथनी ट्रॉलोप हा टपालखात्यांतला नोकर. नोकरी करीत करीतच त्यानें पुष्कळ लेखन केलें, आणि आयुष्यभरांत ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपांचला टेबलाशीं बसावें, घड्याळ समोर ठेवावें आणि दर पाव तासाला २५० शब्द पुरे करावे, असा त्याचा नेम. हें त्यानें आत्मचरित्रांत स्वतःच सांगितलें. तो १८८२ सालीं वारला आणि तें पुस्तक १८८३ सालीं निघालें. तेव्हां त्याच्या चाहत्यांपैकीं पुष्कळांचें मन विटलें. काल जो ओघ वाटत होता, तो आज गिरणीचा पट्टा वाटूं लागला. वास्तविक कादंबऱ्यांतलें एक अक्षरहि बदललें नव्हतें! शिवाय रोज पहाटे उठून घड्याळाच्या कांट्याबरोबर लिहिण्यांत सहज असें काय आहे, हाहि विचार करण्यासारखा प्रश्न होता.

जुना अर्थ दोन ठिकाणीं मात्र अजून सुखानें नांदतो आहे. घोड्यांच्या शर्यतींचे वृत्तांत देणारीं आपल्याकडचीं इंग्रजी वृत्तपत्रें बाकीच्यांना आरामांत मागें टाकणाऱ्या घोड्याचा विजय 'फॅसाइल' म्हणून छापतात. घोडा उथळ निघाला असें कोणी समजत नाहीं. दुसरें ठिकाण रसायनशास्त्राचें. एखादा पदार्थ थोड्या पायऱ्यांत, फारसा खटाटोप न करतां तयार करण्याची रीत सांपडली, कीं शास्त्रज्ञ आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच तिला 'फॅसाइल' म्हणवून घेतात.

गुरुजींना ओघच सांगावयाचा होता, तर 'फ्लुएंट' हा साधा शब्द पुरेसा होता. त्याच घराण्यांतलें 'फॅसिलिटी' हें नाम वापरून, याला लेखनाची फॅसिलिटी आहे, असें लिहिलें असतें तरी स्तुतीच झाली असती, कारण त्या नामाला अजून डाग लागलेला नाहीं. आणि मुलगा रसायनशास्त्राचा असेल, तर त्याच्या प्रयोगाच्या रीतीला 'फॅसाइल' म्हणण्यास हरकत नाहीं. त्याच्या निष्कर्षांना मात्र तो शब्द चुकूनहि लावूं नये.