मातीखालचा इतिहास आणि मंदिराचा जीर्णोद्धार
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेले व्याख्यान)



जीर्णोद्धाराच्या कामात जुना पाया उकलावा लागतो, जोते हलवावे लागते. अशा वेळी मातीतून कधी खापर निघते, कधी नाणे, कधी कोरीव दगड. त्यांवरून गतकाळ जाणून घेण्याचे शास्त्र म्हणजे पुरातत्त्वविद्या. ज्या काळाची बखर नाही, कागद नाही, त्याचा इतिहास हे शास्त्र माणसाच्या मागे राहिलेल्या वस्तूंवरून जुळवते.

त्याचा पहिला नियम साधा आहे. घरे पडतात, त्यांवर नवी उभी राहतात आणि मातीचे थर साचत जातात. थर विस्कटलेले नसतील तर खालचा आधीचा, वरचा नंतरचा. म्हणून वस्तू कोणत्या थरात आणि कशाशेजारी मिळाली, याला वस्तूइतकेच मोल असते. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली झुडपाच्या मुळाशी खणताना बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी चार कांस्यशिल्पे सापडली. त्यांचे एकूण वजन साठ किलोहून अधिक आहे. परंतु ती शास्त्रीय उत्खननात थरातून निघाली नाहीत, त्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले.

याउलट इनामगावचे पाहा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी १९६८ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजने अनेक वर्षे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी यांच्यासारखे संशोधक या कामाशी निगडित होते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव तेथे उजेडात आले. जळालेल्या दाण्यांवरून लोक सातू पिकवीत, हे वनस्पतींचे अवशेष अभ्यासणाऱ्या शाखेने सांगितले. हाडांवरून कोणती जनावरे पाळली जात, हे प्राणी-अवशेषांच्या शाखेने सांगितले. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुले आढळली. त्यांच्या हाडांचा अभ्यास मानवी सांगाड्यांचे तज्ज्ञ करतात. कोळशातील किरणोत्सारी कार्बन किती उरला, हे मोजून काळ ठरविण्याची रीत १९४९ पासून रूढ झाली.

आणखीही शाखा आहेत. शिलालेख व ताम्रपट वाचणारी पुराभिलेखविद्या. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली, म्हणून सम्राट अशोकाचे लेख वाचता आले. नाण्यांचे नाणकशास्त्र. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांपैकी हजारो नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. नहपानावरील विजयाची साक्ष त्या नाण्यांनीच दिली. समुद्रतळाचा शोध घेणारी सागरी पुरातत्त्वाची शाखाही आहे. द्वारकेजवळ डॉ. शि. रं. राव यांनी तसे काम केले.

आता मंदिराकडे वळू. गुरे राखताना वा गाव वाचविताना पडलेल्या वीराचा वीरगळ पुष्कळ गावांत देवळाबाहेर उभा असतो. दानाचा भंग करणाऱ्यास शाप देणारी गद्धेगाळ असते. असे दगड पायरीला वा पायाच्या भरावात गेले, तर त्या माणसाची शेवटची आठवण गेली. कोरीव खांबांवर तैलरंगाचे थर चढले की अक्षरे बुजतात. सिमेंटचा गिलावा केला की लेख झाकला जातो.

म्हणून काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बाजूची छायाचित्रे घ्यावीत. उतरविलेल्या दगडांवर खडूने क्रमांक घालून वहीत नोंद ठेवावी. अक्षरे दिसल्यास ती घासू नयेत, पुरातत्त्व खात्यास कळवावे. जमिनीत दडलेले धन सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. वीरगळांसाठी आवारात एक ओटा बांधावा. देणगीदारांच्या नावांची फरशी बसते, तशीच त्या जुन्या, निनावी वीरांनाही देवळाच्या आवारात जागा मिळावी.

श्रींच्या कृपेने हे कार्य तडीस जावो. पुढच्या पिढीला नव्या शिखराबरोबर गावाचा जुना पुरावाही सुस्थितीत मिळो.