समुद्रतळाची टिचकी
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



माठ घेताना आपण त्यावर टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर चीर गेलेली. समुद्राच्या तळाची परीक्षाही शास्त्रज्ञ अशीच करतात, हे आज मला आपणांस सांगावयाचे आहे.

पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो. वाळूत तो त्याहूनही वेगाने जातो. त्यामुळे फार तिरका आलेला ध्वनी वाळूत न शिरता बहुतेक वरूनच परतावा, असा नियम आहे. मग वाळूत गाडले गेलेले सुरुंग शोधावे कसे? दुरून पाठवलेला ध्वनी तिरकाच पडणार, आणि जवळ जावे तर जिवावर बेतणार! तरीही गाडलेल्या वस्तूंचा पत्ता कधी कधी दुरून लागे. हे कोडे उलगडण्यासाठी 1999 साली अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ मोठा प्रयोग झाला. वाळूतच ध्वनी टिपणारी यंत्रे पुरली, तळाचे नमुने वर आणले. तेव्हा दिसून आले, की लाटांनी वाळूवर उठवलेल्या वळ्या ध्वनीचा काही भाग विखरून आत धाडतात.

परत येणारा आवाज मात्र सरमिसळीचा असतो. काही वरच्या खडबडीतपणाचा, काही आतले शिंपले, किड्यांची बिळे आणि वायूचे बुडबुडे यांनी विखुरलेला. हे निवडणे म्हणजे तांदळातले खडे डोळे मिटून वेचण्यासारखेच! आपल्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्याजवळ 33 आणि 210 किलोहर्ट्झ अशा दोन ध्वनींनी तळ तपासला आहे. पहिला चिखलात अधिक खोल जातो, दुसरा वरच्या थरातच विरतो. दोन्ही पडसाद ताडून पाहिले, की आतले काय आणि वरचे काय, याचा अंदाज बांधता येतो. त्याला तळाच्या नमुन्यांची जोड हवीच.

आणि एकदा मोजून भागत नाही. 2004 साली फ्लॉरिडाजवळ पुन्हा प्रयोग व्हावयाचा होता, तोच आयव्हान वादळ आले. स्वच्छ वाळूत चिखल मिसळला, तळाचे रूपच पालटले!

भगिनींनो, घरातली मुलगी पदार्थविज्ञान शिकते म्हणाली, तर "त्याचा उपयोग काय?" असे विचारून तिला थांबवू नका, एवढीच माझी विनंती. कान देऊन ऐकण्याची सवय आपल्याला माठापासून आहेच. तिचे कान समुद्रापर्यंत पोहोचू द्या.