डबीतलं नाणं आणि सुटं नाणं

(आकाशवाणीवरील भाषण)



मी एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. बीड-परळी, बीड-पाटोदा, गेवराई, माजलगाव. या रस्त्यांवर माझ्या कातडी बॅगेतून किती नाणी आली-गेली, त्याचा हिशेब नाही. मोजली सगळी, पण पाहिलं एकही नाही. निवृत्त झाल्यावर नाणी जमवायला लागलो, त्याला आता दोन वर्षं होतील. म्हणजे या छंदात मी नवाच आहे, आणि नव्यांशीच बोलायला बसलो आहे.

नव्या माणसाला पहिल्या महिन्यातच एक प्रश्न पडतो. डबीत बंद केलेलं, वर आकडा दिलेलं ग्रेडेड नाणं घ्यावं, की सुटं घ्यावं? त्यावर बोलायला मला दहा-बारा मिनिटं दिली आहेत. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, शेवटी वेळ पुरला नाही तर ती राहायला नको. नाणं घासू नका. चिंचेनं नको, राखेनं नको, लिंबानं नको आणि टूथपेस्टनं तर नकोच नको.

आता विषयाकडे येतो.

माझ्या आजीकडे दोन हाली रुपये होते. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हाली म्हणजे काय ते सांगायला नको. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हा बाजारात हाली चालायचा, आणि इंग्रजी रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे गणित आजीला शाळेची पायरी न चढता पाठ होतं. दोन्ही रुपये चारमिनारचे, हिजरी १३३७ चे, म्हणजे १९१८-१९ सालचे. चारमिनारच्या कमानीत निजाम उस्मान अली खानांच्या नावाचं ‘ऐन’ हे अक्षर आहे. त्यांचे वडील महबूब अली खान यांच्या रुपयावर त्याच जागी ‘मीम’ असतं.

यातला एक रुपया दर लक्ष्मीपूजनाला ताटात बसायचा. दुसरा आजीनं अडीअडचणीसाठी गोधडीच्या कडेला शिवून टाकला होता. ताटातला रुपया दरवर्षी घासला जायचा. आजीनं घासला, आईनं घासला आणि पुढं कितीतरी वर्षं मी स्वतः घासला. चिंचेचा कोळ, वर चुलीतली राख, अंगठ्यानं गरगर फिरवायचं. लख्ख व्हायचा. गोधडीतला रुपया मात्र गोधडी उसवली तेव्हाच उजेडात आला. काळपट होता, कडेला पिकल्या जांभळासारखी छटा.

दोन्ही घेऊन मी संभाजीनगरला एका जाणत्या संग्राहकाकडे गेलो. मनात होतं, लख्ख रुपयाचं कौतुक होईल. त्यांनी टेबलावरचा दिवा लावला, लख्ख रुपया दोन बोटांत कडेनं धरला, तिरपा केला आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. रुपयाच्या सगळ्या अंगावर बारीक ओरखडे होते, फणी फिरवावी तसे. मिनारांच्या खिडक्या सपाट झालेल्या, ‘ऐन’ची कड बुजलेली. मग त्यांनी काळपट रुपया तसाच तिरपा केला, आणि त्या काळेपणाच्या खालून उजेड फिरला. बैलगाडीच्या चाकाचे आरे फिरतात तसा, रुपयाभोवती गोल. साचा आपटतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो, त्याच्या केसाहून बारीक रेषा वर राहतात, त्यांच्यावरून तो उजेड फिरतो. ही टाकसाळीची चकाकी. चिंचेतलं आम्ल ती खातं, राख ती खरवडते. एकदा गेली की ती जगातल्या कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही.

ते म्हणाले, “काका, हा काळा रुपया ग्रेडिंगला आकडा घेईल. लख्ख रुपयाला आकडा मिळणार नाही. खरा आहे, पण घासलेला आहे, एवढंच त्याच्या चिठ्ठीवर येईल.”

एकाच राज्याचे, एकाच सालाचे, एकाच घरात शंभर वर्षं राहिलेले दोन रुपये. एकावर आम्ही भक्ती केली आणि भक्तीनंच त्याचा चेहरा पुसला. म्हणून म्हणतो, घासू नका.

माझे वडील बैलबाजारात मला सोबत न्यायचे. नेकनूरचा बाजार आपल्या भागात कुणाला माहीत नाही? बैल घेताना वडील आधी शिंगांकडे बघायचेच नाहीत. का? कारण शिंगं साळलेली असतात, तेल लावून चमकवलेली असतात, गोंडे बांधलेले असतात. म्हाताऱ्या बैलालाही हेडी तरणा करून उभा करतो. वडील जबडा उघडून दात बघायचे. दोनदाती आहे, चारदाती आहे, की जुळलेला आहे. मग खांद्यावर हात फिरवायचे, जोखडानं सूज आली आहे का बघायचे. मग चार पावलं चालवून बघायचे. घासलेलं नाणं म्हणजे शिंगं साळलेला बैल. चमक बघून घ्याल तर फसाल.

हाच बैल आता पुढं नेतो. समजा, बाजारात एक माणूस बसला आहे. तो तुमच्यासाठी बैल तपासतो, आकडा लिहितो आणि गळ्यात पाटी अडकवतो. त्याची फी घेतो. तो जाणता आहे, इमानदार आहे. ग्रेडिंग म्हणजे हेच. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. ती त्यांनी कशासाठी मांडली? तिकडच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी. पुढं १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या निघाल्या, आणि नाणं तपासून, आकडा देऊन, डबीत बंद करून द्यायची रीत जगभर पसरली. ६० आणि त्यावरचं नाणं वापरात न आलेलं, त्याच्या खाली झिजेप्रमाणे उतरत जाणारं. सोयीचं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. दूर कोलकात्याच्या लिलावातलं नाणं बीडमध्ये बसून घ्यायचं, तर त्या पाटीचा आधार लागतो.

पण पाटीनं नांगरट होत नाही. बैल औताला कसा चालतो ते पाटी सांगत नाही. आणि ज्यानं आयुष्यात एकदाही जबडा उघडून पाहिला नाही, त्याला पाटीवरचा आकडाही वाचता येत नाही. ६२ आणि ६३ यांत फरक काय, असं विचारलं तर तो म्हणेल, किमतीचा. बस्स, किमतीचाच?

आणखी एक गोष्ट, आपल्या मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची. शिवराई घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पुढं पेशवाईत दुदांडी शिवराई आली, अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली. ही नाणी हातानं ठोकलेली. साचा मोठा, तांब्याचा तुकडा लहान. म्हणून कुणावर ‘छत्र’ येतं आणि ‘पति’ बाहेर राहतं, कुणावर ‘राजा’ अर्धा येतो. दोन शिवराया एकसारख्या सापडायच्या नाहीत. आता यात आकडा काय सांगणार? झीज किती ते सांगेल. पण अक्षरं किती बसली, ‘श्री’ला वळण कसं आहे, कोणत्या घडणीचा साचा आहे, हे डबीवर लिहिलेलं नसतं. ते हातात घेऊन, उजेडात फिरवून, दहा नाणी शेजारी ठेवूनच कळतं. यंत्रावर पाडलेल्या रुपयाला आकडा जितका शोभतो, तितका हातच्या शिवराईला शोभत नाही. बैलाचंही तसंच. एकाच दाताचे दोन बैल एकाच किमतीचे नसतात.

मग डबी घ्यायचीच नाही का? घ्यायची. कुठं घ्यायची ते सांगतो. जिथं खोट्याचा बाजार मोठा आहे तिथं. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मीळ. म्हणून १९३८ च्या रुपयावरचा शेवटचा आठ कोरून नऊ करणारे हात तयार झाले. शिवकालीन सोन्याचा होन म्हणून जत्रेत जे विकतात त्याविषयी तर बोलायलाच नको. असं महागाचं नाणं घेताना जाणत्या तपासणाऱ्याची पाटी हवी. आणि तीही आंधळेपणानं नको, कारण डब्याही बनावट निघतात. डबीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या नोंदीशी ताडून बघा, मगच पैसे मोजा.

खोट्या नाण्यांचा हा खेळ जुनाच आहे. आपल्या बीडजवळ करझणीला महंमद तुघलकाचा दात पुरलेला आहे असं सांगतात, तिथं घुमटी आहे. त्याच तुघलकानं १३३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी काढली आणि हुकूम दिला की ही चांदीच्या टंक्याइतकीच धरायची. घरोघरी टाकसाळी झाल्या, असं त्या काळचा इतिहासकार बरनी लिहून गेला आहे. शेवटी खोट्या नाण्यांच्या बदल्यात खजिन्यातलं खरं सोनं-चांदी मोजावं लागलं. हुकूम होता, पण खरं-खोटं ओळखायची खूण नाण्यावर नव्हती. पाटी कितीही मोठ्या माणसाची असो, ओळखणारा डोळा आपला लागतो. मला एवढंच सांगायचं आहे. आधी डोळा, मग डबी.

डोळा तयार कसा करायचा? फुकटात होतो. आत्ता खिशात हात घाला. जे नाणं निघेल त्यावर सालाच्या खाली बघा. चौकोनी हिऱ्यासारखी खूण असेल तर मुंबईची टाकसाळ. चांदणी असेल तर हैदराबाद. गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. बत्तीस वर्षं ही नाणी मी प्रवाशांच्या हातावर ठेवली आणि ही खूण मला एकदाही दिसली नाही. आता पेपरवाल्यानं दिलेल्या सुट्ट्यांत मी आधी चांदणी शोधतो. पाच रुपयांची दहा नाणी घ्या, सगळ्यात कमी झिजलेल्यापासून सगळ्यात झिजलेल्यापर्यंत ओळीनं लावा. सिंहाच्या आयाळीवर, अक्षरांच्या माथ्यावर झीज आधी कुठं सुरू होते ते बघा. महिनाभर हे केलंत, की डबीवरचा आकडा तुमच्याशी बोलायला लागेल.

मग सोनाराकडं असतो तसा छोटा काटा घ्या. इंग्रजांच्या चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, चारमिनारच्या हालीचं ११.१८ ग्रॅमच्या आसपास. झिजलेलं असेल तर थोडं कमी भरेल. ग्रॅम-दीड ग्रॅमचा फरक आला तर हात मागं घ्या. कडेवर बारीक सांधा दिसला, पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले, तर ते ओतलेलं आहे, ठोकलेलं नाही. धरताना कडेनं धरा, घामाची बोटं चेहऱ्यावर लावू नका. आणि मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पानात तांब्याची नाणी ठेवू नका, हिरवट चिकट थर चढतो. तो दिसला की माणूस काय करतो? घासतो! तेच नको म्हणतोय मी.

कायद्याच्या दोन गोष्टी घाईनं सांगतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. ते मनाला येईल तसं पाकिटात घालून परदेशी ग्रेडिंगला धाडता येत नाही. आजीचा तो काळा रुपया शंभरी ओलांडून गेला आहे. तो माझ्याकडे सुटाच राहील, आणि मला त्याचं दुःख नाही. दुसरी गोष्ट शेतकरी बांधवांसाठी. नांगरताना, विहीर खणताना, जुना वाडा पाडताना नाण्यांचं गाडगं लागलं, तर १८७८ चा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांच्या वर किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि कळवायच्या आधी ते धुवायला घेऊ नका. नाण्यावर चिकटलेली माती, गाडग्याचं खापर, कोणतं नाणं कोणत्या नाण्याला लागून होतं, हे सगळं तिथंच वाचायचं असतं. कुणी कोणत्या भीतीनं, कोणत्या साली ते पुरलं, हे त्यावरून… हा मोठा विषय आहे, आज होणार नाही.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. कधी त्र्यंबकेश्वरला गेलात तर वाटेतच आहे, पोरांना घेऊन थांबा. तिथं मी काय पाहिलं ते सांगायचं होतं, पण काचेपलीकडून मला वेळेची खूण होते आहे.

तर डबीतलं की सुटं? महाग आणि शंकेचं असेल तर डबीतलं. शिकायचं असेल, प्रेम करायचं असेल तर सुटं. आणि दोन्हींच्या आधी आपला डोळा.

आणि माझ्या आयाबहिणींना एक विनंती. येत्या लक्ष्मीपूजनाला जुना रुपया जरूर काढा, ताटात ठेवा. पण कोरडा ठेवा, जसा आहे तसा, काळा असेल तर काळा. खाली विड्याचं पान घाला आणि हळद-कुंकू त्या पानाला वाहा. लक्ष्मीला पोहोचेल. रुपयाला चिंच लावू नका.