रक्ताची पिशवी आणि हिवताप
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचा तपशील या अहवालात अन्यत्र दिलाच आहे. आज आम्ही रक्तपेढीविषयी, त्यातही हिवतापाविषयी बोलणार आहोत.

आपल्याकडे गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून रुग्ण येतात आणि रक्तदातेही बहुधा त्यांच्याच गावचे असतात. त्या भागात वारंवार हिवताप होऊन गेलेल्या प्रौढाच्या रक्तात परजीवी असूनही त्यास ताप नसतो. तो शेतावर जातो, आणि आप्त अडचणीत आला की रक्त देण्यास पुढे होतो. परजीवी तांबड्या पेशींत दडून असतो व रक्तपेढीच्या थंडाव्यातही दोन आठवड्यांहून अधिक काळ जगू शकतो. तेथून पुढे त्यास डासाची मध्यस्थी लागत नाही.

एचआयव्ही, हिपॅटायटिस ब व क, उपदंश आणि हिवताप यांसाठी प्रत्येक पिशवीची तपासणी कायद्याने बंधनकारक आहे व ती होते. तथापि आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, म्हणून एक हिशेब मांडतो. नेहमीच्या कामाच्या रेट्यात, एका मायक्रोलिटर रक्तात 50 ते 100 परजीवी असतील तरच ते सूक्ष्मदर्शकाखाली खात्रीने सापडतात. 350 मिलिलिटर रक्तात साडेतीन लाख मायक्रोलिटर असतात. प्रत्येकात एकच परजीवी धरला, तर काचपट्टी निर्दोष ठरेल आणि पिशवीत साडेतीन लाख परजीवी राहतील. हिशेबतपासनिसाचा शेरा नाही म्हणून वही बिनचूक ठरत नाही, हे येथील व्यापारी मंडळींना सांगावयास नको.

मग सर्वांनाच नाकारावे काय? हिवतापाच्या मुलखात राहून आलेल्या दात्यास दीर्घकाळ थांबविणे काही देशांना परवडते. येथे तसे केल्यास दाताच उरणार नाही, आणि बाळंतपणात रक्तस्राव झालेली माता किंवा सिकलसेलचे मूल रक्ताअभावी दगावेल. आपल्याकडील नियम उपचार पूर्ण झाल्यावर तीन महिने थांबण्याचा आहे. घानातील कुमासी येथे रिबोफ्लेविन व अतिनील किरणांनी रक्तावर प्रक्रिया करून पाहिली गेली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, परजीवीयुक्त पण प्रक्रिया न केलेले रक्त मिळालेल्या 37 पैकी 8 जणांस संसर्ग झाला, तर प्रक्रिया केलेले मिळालेल्या 28 पैकी एकास. यंत्र खर्चिक आहे. ते आज आम्ही मागत नाही.

आम्ही मागतो ते दात्याचे खरे उत्तर. घाईघाईने आणलेला नातेवाईक नुकताच येऊन गेलेला ताप लपवितो. त्यात लबाडी नसते, आपल्या माणसाला रक्त मिळणार नाही ही भीती असते. म्हणून येथे बदली दाता नाही या कारणास्तव पिशवी अडविली जात नाही. हा शब्द पाळण्यासाठी साठा हवा, आणि तांबड्या पेशींची मुदत 35 ते 42 दिवसांचीच. देणगीदारांनी वर्षातून एकदा भव्य शिबिर भरविण्यापेक्षा, जुलै ते नोव्हेंबर या काळात, हिवताप कमी असलेल्या गावांत दर पंधरवड्यास लहान शिबिरे घ्यावीत, ही विनंती.

आप्तजनांस एकच सांगणे. रक्त दिल्यानंतर महिनाभरात थंडी वाजून ताप आल्यास घरी थांबू नये, आणि येताना डिस्चार्ज कार्ड आणावे. रक्त चढविल्याची तारीख व पिशवीचा क्रमांक त्यावर लिहिलेला असतो. त्यावरून त्या दात्यापर्यंत पोहोचून त्याच्यावरही उपचार करता येतात.