गॉर्डन हॉल यांचीं तेरा वर्षें

अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ सालीं मुंबईस उतरले, तेव्हां कंपनी सरकार त्यांस परत धाडूं पाहत होतें. तरी ते राहिले. मराठी शिकले, रस्त्यांत व देवळांपाशीं उपदेश केला, सहकाऱ्यांसह शाळा काढल्या, छापखाना घातला. आणि अनुयायी? जवळजवळ नाहींतच! माणसें मोजून यश ठरविणाऱ्यानें त्यांचें नांव वहींतून केव्हांच खोडलें असतें. हॉल मात्र, पौलानें म्हटल्याप्रमाणें, वाढविणें देवाकडे सोंपवून पेरीत राहिले. नव्या कराराच्या भाषांतरास लागले. १८२६ च्या मार्चांत नाशकाकडे पटकीच्या आजाऱ्यांस औषधें वांटून परततांना त्यांनाच पटकीनें गांठलें. मराठी नवा करार त्याच वर्षीं छापून निघाला.