पायाखालची माती



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. चारच्या सुमारास भांडी वाजली आणि अख्खं केज रस्त्यावर आलं. किल्लारी-सास्तूरकडे मात्र हजारो माणसं दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली गेली. नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा होता! पुढे २००२ च्या मानकात तो पहिला विभागच रद्द झाला.

भूकंपात माती कशी वागते, हे गणिताने काढणं हेच आता माझं काम. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो, तसंच मातीचं. थराची जाडी चारने गुणायची, लहरीच्या वेगाने भागायचं. दहा मीटर माती, सेकंदाला २०० मीटर वेग, म्हणजे लय ०.२ सेकंद. दुमजली घराची लयही साधारण तेवढीच. दोघांची लय जुळली की घर जास्त हलतं. १९८५ साली मेक्सिको शहर साडेतीनशे किलोमीटरवरच्या भूकंपाने पडलं, ते जुन्या तळ्याच्या मऊ गाळामुळे.

हिशेबाच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत मातीच्या प्रत्येक थराला हादरा संपेपर्यंत एकच ताठरपणा धरतात आणि उत्तर जुळेपर्यंत तो बदलून पाहतात. १९७२ पासूनची ही पद्धत झटपट आहे, हलक्या हादऱ्याला पुरते. पण जोराच्या हादऱ्यात माती मळलेल्या कणकेसारखी क्षणाक्षणाला सैल होते. तिथे दुसरी पद्धत लागते. ती प्रत्येक क्षणाचा हिशेब वेगळा मांडते. तिला माहिती जास्त लागते आणि ती चुकीची दिली तर उत्तरही तितक्याच ऐटीत चुकतं.

म्हणून मी दोन्ही करून पाहतो. उत्तरं जवळ आली तर निश्चिंत होतो. लांब गेली तर संगणक बंद करून पुन्हा शेतात जातो, बोअर घेतो. आपली काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी, उन्हाळ्यात भेगाळलेली. कोणत्या महिन्यात तपासली, यानेही उत्तर बदलतं.

आज आपल्यातले कितीतरी जण गावात दुमजली, तिमजली बांधतायत. फरशी निवडायला चार दुकानं फिरता, तसा एक दिवस मातीलाही द्या. मुरूम किती खोल आहे ते बघा, खड्डा घेऊन तपासणी करून घ्या. शाळेत सर म्हणायचे, उत्तराआधी रीत दाखवा. घराची रीत पायापासून सुरू होते.