खाऱ्या पाण्याचा हिशेब

(स्वतःचा लहान व्यवसाय करणाऱ्या उपनगरांतल्या स्त्रियांच्या अंधेरी येथील बैठकीत केलेलं भाषण.)



आजच्या बैठकीत मसाले-पापड, शिवणकाम, पाळणाघर यांच्या अनुभवांवर बोलणं झालं. त्यांच्या रांगेत माझा विषय जरा हौसेचा वाटेल. खाऱ्या पाण्यातले मासे घरात पाळणं हा पैसेवाल्यांचा शौक, त्याचा आणि बायकांच्या प्रश्नांचा काय संबंध, असं कुणी विचारेल. मला तो संबंध अगदी सरळ दिसतो. माशांची टाकी दिवाणखान्यात दिसते, पण जिवंत राहते ती कुणाच्या तरी रोजच्या राबण्यावर. पाहुणे आले की टाकी ‘ह्यांची’ असते, आणि पाणी बदलायची वेळ आली की ती ‘आपली’ होते. आमच्या मुलुंडच्या घरात टाकी आली ती अशीच. पुढे तिची गोडी मलाच लागली, आणि आज लोकांच्या टाक्या सांभाळणं हा माझा व्यवसाय आहे. छंदाचा व्यवसाय होतो म्हणजे नक्की काय होतं, एवढंच आज मांडते.

सुरुवातीला थोडा इतिहास सांगते, कारण तो आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करण्यासाठी काचेची टाकी पहिल्यांदा वापरणाऱ्यांमध्ये झान व्हिलप्रे-पॉवर ही फ्रेंच बाई होती. मूळची ती शिवणकाम करणारी. पॅरिसमध्ये राजघराण्यातल्या लग्नाचा पोशाख तिनं १८१६ साली तयार केला होता. लग्नानंतर ती सिसिलीत मेसिना इथं राहायला गेली आणि १८३२ साली तिनं अशा टाक्या बनवून घेतल्या. आर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसच्या कुळातला एक प्राणी आहे. त्याच्या अंगावरचा शंख त्यानं दुसऱ्याचा उचललेला असतो, असं त्या वेळचे कित्येक पंडित म्हणत. या बाईनं जिवंत आर्गोनॉट टाकीत ठेवून रोज निरीक्षण केलं आणि तो शंख त्याचा स्वतःचाच असतो हे सिद्ध केलं. त्यातही गंमत अशी, की तो शंख फक्त मादीच घडवते.

दुसरी गोष्ट लंडनची. ॲना थिन या बाईंनी १८४६ साली समुद्रकिनाऱ्यावरून प्रवाळ आणून घरी जगवले. तेव्हा विजेचे पंप नव्हते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी रोज अर्धा-पाऊण तास खिडकीशी उभं राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतावं लागे. हे काम घरातली मोलकरीण करत असे. इतिहासात बाईसाहेबांचं नाव राहिलं, पाणी ओतणारी नुसती ‘मोलकरीण’ राहिली. ती मोलकरीण मला या सगळ्या व्यवसायाच्या मुळाशी उभी दिसते.

आता काम काय असतं ते पाहू. मुंबईला तिन्ही बाजूंनी समुद्र असला तरी जुहू-वर्सोव्याचं पाणी बादलीत भरून आणून चालत नाही. त्यात गाळ असतो, शहराचं सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही खाली येतो. म्हणून गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात तयार समुद्री मीठ मिसळून पाणी घरीच करावं लागतं. प्रमाण साधारण लिटरला ३५ ग्रॅम. म्हणजे २०० लिटरच्या टाकीला पहिल्यांदा ७ किलो मीठ लागतं. पुढे दर आठवड्याला दहावा हिस्सा, म्हणजे २० लिटर पाणी बदललं, तर वर्षाला हजार लिटरहून जास्त खारं पाणी आपण कालवतो आणि उचलतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून एक लिटर मिळवताना दोन-तीन लिटर बाहेर पडतं. ज्यांच्या नळाला दोन तास पाणी येतं त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ते पाणी लादीला, संडासाला वापरायचं, गटारात सोडायचं नाही.

शिवाय टाकीतलं पाणी उडून जातं पण मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोड्या पाण्याची भर घालायची. तापमान २५ ते २७ अंशांच्या आसपास ठेवायचं, म्हणजे मे महिन्यात पंखा लावायचा. नवी टाकी भरल्याबरोबर मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. दही विरजायला जशी रात्र द्यावी लागते तसा हा वेळ द्यावाच लागतो. गिऱ्हाईक घाई करतं, पण या बाबतीत त्याचं ऐकायचं नाही.

हे सगळं काम मी एका वहीत लिहायला लागले. तारीख, केलेलं काम, लागलेली मिनिटं. रोजचं खाणं, पाण्याची भर, काच पुसणं यांना २० मिनिटं, म्हणजे महिन्याचे १० तास. आठवड्याचं पाणी बदलणं दीड तासाचं, त्याचे महिन्याला ६ तास. एकूण १६ तास, म्हणजे आठ तासांचे पूर्ण दोन दिवस. घरात ज्याला ‘जाता-येता थोडं बघतेस ना’ म्हणतात ते हे दोन दिवस. माझ्या मते धंदा त्या वहीपासून सुरू झाला, पहिलं गिऱ्हाईक नंतर मिळालं.

खर्चही असाच मांडायचा. पंप, दिवा, पंखा मिळून सरासरी १०० वॅट वीज चोवीस तास लागत असेल, तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२ युनिट. आपल्या बिलावरच्या दरानं गुणून पाहा. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावं, म्हणजे दोन महिन्यांनी बिल बघून टाकी बंद होत नाही आणि मासे मरत नाहीत. स्वतःचा दर ठरवताना मीठ, चाचणीची औषधं, रिक्षा-लोकलचं भाडं आणि तास हे चारही धरायचे. बायका पहिले तीन धरतात आणि चौथा सोडून देतात. ‘त्यात काय, पाणीच तर बदलायचं’ असं गिऱ्हाईक म्हणतं, कारण घरात त्यानं हे काम फुकट होताना पाहिलेलं असतं.

कुर्ल्याच्या माशांच्या दुकानांत किंवा क्रॉफर्ड मार्केटात जाऊन मासे आणून विकणं हा धंदा करणारे पुष्कळ आहेत. मला कळलं ते असं, की लोकांना मासा कुठंही मिळतो, तो जगवणारं माणूस मिळत नाही. म्हणून मी सांभाळण्याची सेवा विकते. घाटकोपर-मुलुंडची काही घरं, काही दवाखाने, एक-दोन ऑफिसं. एका ऑफिसात पहिल्या दिवशी मला विचारलं, ‘तुमचे साहेब कधी येणार?’ मी म्हटलं, साहेब मीच. क्षारता मोजून दाखवली, टाकीतली चूक सांगितली, कागदावर लिहून दिली. पुढच्या महिन्यापासून विचारणं थांबलं.

परक्या जागेत एकटीनं जायचं म्हणजे काळजी असतेच. म्हणून आणखी एक माहिती सांगते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त तिथल्या पगारी बायकांपुरता नाही. त्या ठिकाणी नोकरीत नसलेली बाईही तक्रार करू शकते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

माझ्या कामाची खरी कसोटी लागली १२ ऑक्टोबर २०२० ला. त्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पंप बंद पडले की पाण्यातला प्राणवायू उतरायला लागतो. कुठं पोचणं शक्य नव्हतं. मी फोन करत सुटले: बॅटरीवरचा पंप लावा, नसेल तर मगानं पाणी घ्या आणि उंचावरून परत टाकीत ओता, दर काही मिनिटांनी. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनची ती मोलकरीण करत होती तेच. तेव्हापासून बॅटरीचा पंप असल्याशिवाय मी कुणाची टाकी हातात घेत नाही.

आता कायद्याचं आणि समुद्राचं. खाऱ्या पाण्याची टाकी म्हटली की लोकांना रंगीत प्रवाळ, समुद्रघोडा हवा असतो. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ साली प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे यांना संरक्षण मिळालं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत गुन्हा शाबित झाला तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. तरी दुकानदार ‘चालतं हो’ म्हणतात. पण धाड पडते तेव्हा माल ज्याच्याकडे सापडतो ते माणूस अडकतं. प्रवाळ दूर अंदमान-लक्षद्वीपलाच असतात असंही समजू नका. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी दुसरीकडे हलवावे लागले होते. ओहोटीला खडकांवर जाऊन ‘फुकट’ जीव गोळा करणं म्हणजे तेच मोडून आणणं. माझ्या टाक्यांत सिरॅमिकचे दगड असतात. समुद्र ओरबाडून मिळवलेला नफा आपल्या हिशेबात नको, कारण समुद्र आटला की आधी उपाशी राहते ती टोपली घेऊन बसणारी कोळीण.

मग मासे आणायचे कुठून? टाकीतच जन्मलेले मासे घ्यायचे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश, मुलं ज्याला ‘निमो’ म्हणतात, त्याची पैदास आपल्या देशात होते. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनं तिचं तंत्र बसवलं आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोनं स्थानिक बायकांना शोभिवंत समुद्री जीव वाढवायला शिकवलं. आपल्या जवळ ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठान आणि हाच ब्युरो यांचं अशा माशांचं उबवणी केंद्र उभं राहिलं. कल्पना अशी, की पिल्लं केंद्रात तयार व्हावीत आणि लोकांनी ती विक्रीच्या आकारापर्यंत वाढवावीत. वाढवण्याचं हे काम घरालगतच्या छोट्या जागेतही होण्यासारखं आहे. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी इथं वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेत प्रशिक्षणाची चौकशी करावी.

या माशाचा संसारही ऐकण्यासारखा आहे. सगळी पिल्लं वाढताना आधी नर होतात. गटातला सर्वांत मोठा मासा मादी असतो, आणि ती गेली की तिचा नर मादी होतो. अंड्यांना परांनी वारा घालण्याचं, ती स्वच्छ ठेवण्याचं काम मुख्यतः नर करतो. आठवड्याभरात, दिवस मावळल्यावर काळोखात अंडी फुटतात. निसर्गानं बाईला एकच काम नेमून दिलंय असं सांगणाऱ्यांना ही टाकी मी मुद्दाम दाखवते.

शेवटचा मुद्दा कागदाचा. धंदा जरा वाढला तेव्हा घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की नोंदणी नवऱ्याच्या नावावर होईल, ‘बँकेत सोपं जातं’ म्हणून. मी नाही म्हटलं, दोन दिवस अबोला झाला, आणि नोंदणी माझ्या नावावर झाली. उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून आधारवर होते, तिला पैसे पडत नाहीत. मुद्रा योजनेत शिशु गटातलं ५० हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत मासे वाढवण्याच्या परसातल्या लहान युनिटचा समावेश झाला, आणि त्यात स्त्रियांसाठी ६० टक्के अनुदान ठेवलं गेलं. पण अशा योजनांचा अर्ज भरताना जागेचे कागद मागतात, आणि तिथं बाई अडते. जागा सासऱ्यांच्या नावावर, नवऱ्याच्या नावावर. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. शहरातल्या खोलीवर बाईचं नाव लागावं म्हणून आपण काय केलं?

एकटीनं हे रेटणं कठीण आहे. आपल्या मुंबईत १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. चुलीपुढच्या कामाला तेव्हा बँकेनं पत दिली ती बायका संघटित झाल्या म्हणून. आम्ही तिघीजणी आता अशीच सुरुवात करतो आहोत. क्षारता मोजायचं यंत्र आणि पाणी शुद्ध करायचं यंत्र सामाईक, तिघींचा दर एकच, आणि एकीचं बाळंतपण किंवा आजारपण आलं तर तिच्या टाक्या दुसरी बघणार, मोबदला वहीत लिहून.

माझ्याबरोबर बादल्या उचलायला एक मुलगी येते. तिचे तास माझ्या वहीत वेगळ्या रकान्यात लिहिते, आणि बिलावर काम करणाऱ्यांत तिचं नाव असतं. ती आता चाचण्या करायला शिकली आहे. पुढच्या वर्षी तिच्या स्वतःच्या टाक्या असतील. तुमच्यापैकी ज्या घरी असं काही सांभाळत असतील, मासे असोत, कुंड्या असोत, दुसऱ्यांची मुलं असोत, त्यांनी उद्यापासून फक्त मिनिटं लिहायला घ्यावीत. महिन्यानं पुन्हा भेटू तेव्हा वह्या घेऊन या, दर एकत्र बसून ठरवू.